मोकळं कपाळ

आमच्या सुनेची, नम्रतेची, एक खोड मला अजिबात खपत नव्हती. कर्जतच्या घरातून निघताना बाई साधीसुधी, कपाळ मोकळं, गळ्यातल्या काळ्या मण्यांत छोटासा क्रूस. आणि चौक गावाला, तिच्या शिवणाच्या दुकानापाशी, उतरेपर्यंत कपाळावर लालभडक टिकली आणि क्रूस पोलक्याच्या आत. संध्याकाळी घरी येताना टिकली गायब, क्रूस बाहेर. घाटात थंडी लागली की माणसं स्वेटर चढवतात आणि खाली आली की उतरवतात, तसा ही देव उतरवत-चढवत होती.

हे मला कळलं ते महंमदमुळं. महंमद कर्जत-चौक जीप चालवतो. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. एकदा मी परकराचं कापड घ्यायला निघाले होते, त्याच्या शेजारची जागा मिळाली. तर गाडी चालवता चालवता म्हणतो, "आजी, सूनबाईंना जरा सांगा. आरसा वळवला की परत सरळ करत जा म्हणावं. त्या टिकली लावतात आणि मला मागचा ट्रक दिसत नाय."

"कुणाची टिकली?"

"त्यांचीच की. चौक यायच्या आधी लावतात ना रोज."

बिचाऱ्याला वाटलं मला ठाऊक असणार. मी म्हटलं, "तू पुढं बघ. मागचा ट्रक देव बघंल."

पण परकराचं कापड मी त्या दिवशी घेतलं नाही. रंगच दिसेना मला दुकानात.

मी अंबाबाई. नाव ऐकून पुष्कळ जण फसतात. नाव माझ्या आजीनं ठेवलेलं. पाळकसाहेब म्हणाले होते, बदला. आजी म्हणाली, पोर या नावाला ओ देते, देवानं हाक मारली तर देवालाही देईल. सासरी माझ्या आजेसासऱ्यांपासून येशूला मानतात. आमच्या मंडळीतल्या बाया कपाळाला काही लावत नाहीत. ते काही मोठं व्रत नव्हे, आपली रीत. पण मला त्या रीतीचा ताठा होता, खोटं कशाला बोलू. नवीन लग्न झालेली मी बाजारात भाजी घेत असले आणि कुणी बाईनं हळूच विचारलं, "बाय, नवरा नाय का?" की मी सांगायची, "हाय की. घरी झोपलाय. तुला पायजे का?" दारावर क्रूस आहे तो हातभर. नाताळात चांदणी लावतो ती स्टेशनवरून दिसते. कर्जतात आम्हाला न ओळखणारा कुणी नाही, आणि माझ्या तोंडी लागणाराही नाही.

आणि अशा घरातली सून देव पर्शीत घालून फिरते!

त्या संध्याकाळी तिनं चपला काढल्या न काढल्या तोच मी विचारलं, "टिकलीचं पाकीट कोणत्या कप्प्यात ठेवतेस गं?"

ती दारातच थांबली. खोटं नाही बोलली, एवढं तिचं खरं. म्हणाली, "आई, माझ्या दुकानात नवऱ्यामुलींचे ब्लाउज येतात शिवायला. मोकळं कपाळ बघितलं की बाया आधी विचारतात, मालक गेले का? नाय म्हटलं, की मग विचारतात, मग तू कोण? पहिल्याच महिन्यात एक बाई टेबलावरचं कापड उचलून निघून गेली. म्हणाली, नवरीच्या अंगाला लागणारं कापड हाय, त्याला सवाष्णीचा हात हवा."

"मग सांगायचं, मी सवाष्णच हाय. ख्रिस्ती सवाष्ण."

"तुमचं निराळं हाय, आई."

"काय निराळं? मला दोन तोंडं हायत का?"

तेवढ्यात आमचा प्रवीण मध्ये पडला. माझा मुलगा, रसायनीला कंपनीत आहे, स्वभावानं गरीब. "आई, धंदा हाय तो. देवाला काय कळत नाय का मनातलं?"

"देवाला कळतं रं. पण देव काय तिच्याकडं ब्लाउज शिवायला येतो का? आणि तू गप बस. कंपनीत तू काय सांगतोस ते मी अजून विचारलेलं नाय."

प्रवीण ताटावर जाऊन बसला, नम्रता वाढायला गेली. पण दुसऱ्या दिवशी टिकली लागलीच. मी महंमदला विचारलं. तो म्हणाला, "आजी, मला मध्ये घेऊ नका. आता त्या आरसा सरळ करतात, मला तेवढं पुरे."

आता समिधाचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्या घरी घडलं. समिधा नम्रतेच्या दुकानात बसते. फॉल लावणं, हूक, काज, हातशिलाई सगळी तिची. चौकच्या आतल्या बाजूला, धरणाच्या अंगाला त्यांचं गाव. नवरा काविळीनं गेला. घरात सासू, गोदूबाई, तीही विधवा, आणि मुलगी किरण. त्या किरणचं लग्न ठरलं. लग्नाचा ब्लाउज नम्रतेनं शिवला, त्यावर मोर काढला, मोराचा डोळा समिधानं भरला. दोघींचं मेतकूट जमलं होतं खरं, पण टिकलीमागं काय आहे ते समिधालाही ठाऊक नव्हतं.

आणि समिधानं नम्रतेला सांगितलं, हळदीला पाच सवाष्णी लागतात, पाचवी तू. मी तर हात लावू शकत नाही, निदान तुझ्या हातची हळद माझ्या पोरीला लागू दे.

नम्रता हो म्हणून आली. मग रात्रभर कूस बदलत राहिली, असं प्रवीण म्हणाला.

हळद आमच्यातही लागते. त्यात मला काही वावगं वाटत नाही. पण टिकली लावून, सवाष्ण म्हणून, पाटाशी बसायचं? मी म्हटलं, "मी पण येणार हळदीला."

"आई, तिथं काय बोलू नका हां. तिच्या पोरीचं लग्न हाय."

"मी कशाला बोलू? मी नुसती येणार. माझं कपाळ हाय तसं घेऊन येणार."

पण मनात माझ्या निराळंच होतं. चारचौघांत, सगळ्या बायांसमोर, हिला विचारणार होते की बाई, तू कुणाची? बघू मग काय सांगतेस.

जाताना महंमदच्या जीपमध्ये तिनं टिकली लावली, माझ्या देखत. मी खिडकीबाहेर बघत बसले.

मांडव अंगणात घातला होता. उन्हं उतरायला लागली होती. नवऱ्याकडून उष्टी हळद घेऊन टेंपो नुकताच आलेला, त्यांच्या बाया खुर्च्यांवर थंड पीत बसल्या होत्या. लांब भोंग्यावर कुठलंतरी नाचाचं गाणं लागलं होतं, ते गोदूबाईनं बंद करायला लावलं, कारण धवलारीण आली होती. लग्नाची गाणी म्हणणारी म्हातारी, कोंडीबाय तिचं नाव. आवाज फाटलेला, पण सुरू केलं की लेकरंसुद्धा गप्प व्हावीत असा.

किरण पाटावर बसली. पोर गोड, पण मान सारखी मागच्या दाराकडं. मागच्या दारात कुणी नव्हतं.

"आजी, आई कुठाय?" तिनं गोदूबाईला विचारलं.

"तिला भाताचं बघायचं हाय. तू खाली बघ, पाटावर बसल्यावर मान वर करू नये."

गोदूबाई स्वतःही मांडवाच्या खांबाला टेकून लांब उभी होती. हुकूम सगळे तिचे, पण हळदीच्या ताटाला हात लावत नव्हती. "ए, तांब्या इकडं. ए, पानं पुस आधी." असं लांबूनच. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. अशी रीत मी जन्मभर बघत आले आहे, दुसऱ्याच्या घरची.

कोंडीबायनं गाणं धरलं. एकेक सवाष्ण पुढं येई, आंब्याचं पान हळदीत बुडवी, पोरीच्या पायाला लावी, गुडघ्याला, खांद्याला, गालाला, आणि बाजूला होई. चौघी झाल्या. गाण्यात आता आईचं कडवं आलं. माय गं, लेकीला हळद लाव, असं काहीतरी होतं. कोंडीबाय ते कडवं गाऊन गेली, तिला काय, ती सगळ्या लग्नांत तेच गाते. पण स्वयंपाकघरात भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला आणि मग तिथली खुडबुडच थांबली. किरणचे डोळे भरले. खाली बघत होती, तरी मला दिसलं, कारण एक थेंब पायावरच्या ओल्या हळदीत पडला.

"पाचवी कोण? नम्रता, ये गं," गोदूबाई म्हणाली.

आता बोलू का मग, असं मला झालं. शब्द जिभेच्या टोकाशी आले होते. नम्रता पुढं आली, वाकली, पान हळदीत बुडवलं. पोरीच्या पायापर्यंत नेलं.

आणि थांबली.

पानावरून हळद गळत होती, एकेक थेंब पाटावर. पान तिला एका हातानं धरवेना, दुसरा हात तिनं खाली लावला. कोंडीबायचं गाणं पुढं गेलं, मग तीही थबकली. नम्रतेनं पान ताटात परत ठेवलं. सरळ उभी राहिली. डाव्या हाताच्या नखानं कपाळावरची टिकली काढली. गळ्यातलं क्रूसाचं पदक बाहेर ओढलं.

"गोदूकाकी," ती म्हणाली, आवाज इतका बारीक की पहिल्यांदा कुणाला ऐकूच गेला नाही. मग परत म्हणाली, "गोदूकाकी, मी ख्रिस्ती हाय. तुमच्यापासून लपवलं. समिधापासून पण लपवलं. ही टिकली मी घरी लावत नाय, दुकानात यायला लावते."

नवऱ्याकडच्या एका बाईनं थंडाची बाटली खुर्चीखाली ठेवली.

गोदूबाई म्हणाली, "अगं मग आधी सांगायचं! आता या टायमाला पाचवी कुठून आणू मी?" मग जरा थांबून, "नवरा हाय ना तुझा?"

"हाय. धडधाकट."

"मग झालं. लाव हळद. तुझा देव कोण ते मागून बघू."

एवढ्यावर मिटलं असतं. दुसरी कुणी असती तर जीव भांड्यात पडून पान उचललं असतं. मी असते तर? मी मान ताठ करून हळद लावली असती आणि वर बढाई मारत घरी आले असते.

नम्रता म्हणाली, "काकी, ही माझी सासू. हिचा मालक कधीच गेला. हिचं कपाळ बघा आणि माझं बघा. काय फरक हाय?"

सगळ्या बाया माझ्याकडं वळल्या. अंगणभर बाया, आणि सगळ्यांचे डोळे माझ्या कपाळावर.

"आमच्यात मालक असताना कपाळ असंच, गेले तरी असंच. पुसायला काय नसतंच. आमचा देव बाईला नवऱ्यावरून मोजत नाय, काकी. मी हे जलमभर ऐकत आले आणि टिकलीखाली दाबून ठेवलं. माझा हात चालतो, तर समिधाचा का नाय? तिनं जन्म दिलाय या पोरीला. आणि तिचा चालत नसंल, तर मग माझा पण नको. मी तिच्याजवळ जाऊन भाताशी बसते."

असं म्हणून ती तिथंच उभी राहिली. रडत नव्हती. पण पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

मला काय झालं ते कसं सांगू. हे कपाळ मी इतकी वर्षं मिरवलं. जत्रेत, बाजारात, सोयऱ्यांच्या लग्नात. आम्ही निराळे, आम्ही कुणाला भीत नाही, हे दाखवायला मिरवलं. नवरा गेला तेव्हा आमच्या घरात कुणी माझ्या कपाळाला हात लावला नाही, बांगडी फोडली नाही, आठव्या दिवशी मी आमच्या देवळात, चर्चात, पहिल्या बाकावर होते. ते मला साधं वाटलं होतं, पाण्यासारखं. त्या पाण्यासाठी दुसरी कुणी भिंतीपलीकडं तहानेली बसली असेल, हे माझ्या मनातही आलं नाही. आणि जिला मी लपवते म्हणून टोचत होते, तिनं ते पाणी ओंजळीत घेतलं आणि सगळ्यांसमोर त्या बाईपुढं धरलं. मला माझं कपाळ हातानं चाचपावंसं वाटलं, जणू कुणी आत्ताच त्यावर हात ठेवला होता.

नवऱ्याकडच्या बाईनं तोंड उघडलं. "हे बघा, आमच्याकडं असलं चालणार नाय हां. शुभकार्य हाय."

कुणी तिच्याकडं बघितलं नाही, कारण गोदूबाई खांबापासून हलली होती. हळूहळू चालत माझ्यापर्यंत आली. माझ्याच वयाची बाई. माझ्या कपाळाकडं बघत राहिली, जवळून, सुईत दोरा ओवताना बघतात तशी.

"तुझ्या पोरांच्या हळदीला तू कुठं होतीस गं?" तिनं विचारलं.

"पाटाजवळ," मी म्हटलं. "अजून कुठं असणार?"

"मी गोठ्यात होते," गोदूबाई म्हणाली. "माझ्या लेकीच्या हळदीला. गाणं ऐकू येत होतं सगळं. म्हशीच्या अंगावरून हात फिरवत बसले. हात कशालातरी लावायला पायजे होता ना."



गोदूबाई वळली आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन ओरडली, "समिधा! भात जळू दे. बाहेर ये."

समिधा येईना. आतून नुसतं, "नको आई, नको, पोरीला काय झालं तर?" मग गोदूबाईच आत गेली आणि तिला दंडाला धरून घेऊन आली. समिधाच्या हाताला भाताची शितं चिकटलेली. मांडवाच्या कडेला येऊन पाय रोवून उभी राहिली. पाटावरून किरणनं दोन्ही हात पुढं केले, लहान पोर कडेवर घ्यायला करतं तसे. मान वर करू नये ती तिनं केली होती.

समिधानं आंब्याचं पान घेतलंच नाही. दोन्ही तळवे ताटात दाबले आणि पोरीचा चेहरा धरला. बोटं गालावर, अंगठे डोळ्यांखाली. किरणनं आईची मनगटं गच्च धरली, सोडीना. हळद समिधाच्या कोपरापर्यंत ओघळली.

"कोंडीबाय, काय मेली का तू?" गोदूबाई म्हणाली. "गाणं थांबवायला कुणी सांगितलं?"

कोंडीबायनं मागं जाऊन आईचंच कडवं परत धरलं. फाटका आवाज, पण मी सांगते, मी देवळात आयुष्य काढलं, मोठमोठी गायनं ऐकली, मुंबईहून आलेले उपदेशक ऐकले. देव आपल्यामध्ये आहे असं शेकडो वेळा तोंडानं म्हटलं. पण तो खरंच येऊन उभा राहतो तेव्हा कसं वाटतं, ते मला त्या अंगणात कळलं. मी डोकं झाकून घेतलं.

समिधा झाल्यावर गोदूबाईनं हळद लावली. मग नम्रतेनं.

सगळं गोड झालं असं नाही. नवऱ्याकडच्या दोघी तिघी टेंपोत जाऊन बसल्या, त्यांना समजवायला पुरुषमाणसं गेली. आणि हात धुवायला आम्ही मांडवाबाहेर पिंपाशी गेलो, तर तिथं शेजारच्या आळीची एक बाई आली. नम्रतेकडं न बघता म्हणाली, "माझ्या भाचीच्या ब्लाउजचं कापड कापलं नसशील ना अजून? मग ठेव तसंच. उद्या घेऊन जाते." तिच्या मागं उभी असलेली म्हणाली, "माझं पण."

नम्रता "बरं" म्हणाली. तांब्या तिच्या हातात होता, तो भरून वाहायला लागला तरी तिच्या ध्यानात आलं नाही. त्या बाया गेल्यावर ती पिंपाला टेकली. "आई, आता उद्यापासून दुकानात कोण येणार? तुमी तरी सांगा, मी चुकले का?"

मी तिच्या हातातून तांब्या काढून घेतला. तिच्या हातावर पाणी घातलं. सुनेच्या हातावर मी आजवर कधी पाणी घातलं नव्हतं.

म्हटलं, "ऐक नम्रता. दोनदा बोलणार नाय मी हे. मला जन्मात कुणाची भीती वाटली नाय, म्हणून दारावर क्रूस लावायला मला काय मोल पडलं नाय. माझी साक्ष फुकटातली. तुझं काळीज तोंडाशी आलं होतं, मी बघितलं, पान सुद्धा धरवत नव्हतं तुला. आणि तरी तू बोललीस, ते पण स्वतःसाठी नाय, त्या भाताशी बसलेल्या बाईसाठी. दुकान राहील का जाईल, मला ठाऊक नाय. गेलं तर प्रवीण हाय, मी हाय, उपाशी नाय मरणार. पण आज या अंगणात देव आला होता, आणि तो तुझं बोट धरून आला, माझं नाय. चल आता, नाक पूस, पंगत बसलीय. आणि पहिल्या रांगेत बसायचं, माझ्या शेजारी."